दोन नंबरच्या पिशवीतली पिनो

तीर्थरूप मामांच्या चरणी, मंगळवारी दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी ज्याच्या आयुष्याचा पार चुथडा झाला त्या भाच्याचा साष्टांग नमस्कार. (वेळ अचूक आहे. तुम्ही दिलेल्या घड्याळात पाहिली. सगळ्या नातेवाइकांत तुम्हीच एक असे, ज्यांनी दिलेली वस्तू अजून चालते.)

पत्रास कारण आहे, पण ते शेवटी सांगतो, कारण आधी सांगितलं तर तुम्ही पुढचं वाचणार नाही. आधी विचारपूस. तुमच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं असं आई म्हणाली; पण आई चांगली बातमी सांगताना छताकडे बघते, म्हणून तुमच्याकडूनच खात्री करून घेतो. भिंग लावल्यावर घड्याळातली चाकं पूर्वीसारखी दिसतात ना? मामींचे गुडघे काय म्हणतात? इकडे मी ठीक आहे, म्हणजे उजव्या पायाच्या अंगठ्याचं नख काळं पडलंय (पिंपाला लाथ मारली, पिंप भरलेलं होतं) आणि आठ दिवस नाक चोंदलंय. आई शेजारीपाजारी सांगते की मुलगा फळांवर प्रक्रिया करणाऱ्या कंपनीत आहे. त्यात खोटं काही नाही. द्राक्ष हे फळ आहे आणि त्याची वाइन करणं ही प्रक्रियाच आहे, फक्त ती झाल्यावर आईच्या मैत्रिणींना चालत नाही एवढंच.

मी कॉलेज अर्ध्यावर सोडलं तेव्हा घरातल्या झाडून सगळ्यांनी तोंडसुख घेतलं, तुम्ही एकटे गप्प होतात. तेव्हा मला वाटलं की तुम्ही माझ्या बाजूचे. हल्ली कधीकधी वाटतं की त्या दिवशी तुम्हाला ऐकूच आलं नसावं. असो. सोडलं ते का, हे तुम्हाला कुणी धड सांगितलं नसणार. रसायनशास्त्राच्या सरांनी माझी वही वर्गासमोर उघडून दाखवली, की बघा, यांनी प्रयोग करायच्या आधीच उत्तर लिहून ठेवलंय. लिहिलं होतं, खरं आहे. पण उत्तर बरोबर होतं! आणि मला खात्री होती की सर चांगल्या काचनळ्या मागच्या बाकावरच्या त्यांच्या पुतण्याला देतात आणि मला मुद्दाम गळक्या. मी तसं बोललो. सर म्हणाले, पुरावा काय? मी वही फाडली, दोन तुकडे टेबलावर ठेवले आणि बाहेर पडलो. (पुतण्या त्यांचा नव्हता, नुसतं आडनाव सारखं होतं, हे मला नंतर कळलं.)

तर आता मी ज्या वायनरीत आहे तिथल्या तीन माणसांची ओळख करून देतो. मालकीणबाई साठीच्या आहेत, पायात रबरी बूट, हातात वेल छाटायची कात्री, आणि माणसांशीही कात्रीनेच बोलतात. तळघर सांभाळणारे एक काका आहेत. ते पिंपावर टकटक करून, कान लावून, आत काय चाललंय ते सांगतात, आणि बहुतेक वेळा खरं निघतं. आणि तिसरी ती. ती प्रयोगशाळा बघते. वय माझ्यापेक्षा दोन वर्षं जास्त (आईला सांगू नका), नखांच्या कडा कायम जांभळ्या, कानावर पेन्सिल. दिसायला तिचं नाक चारचौघींसारखंच आहे, पण तुमच्यासाठी जसं तुमचं भिंग तसं तिच्यासाठी ते नाक. मी कामावर रुजू झालो त्या सकाळी तिने माझ्याकडे वर न बघता विचारलं होतं, सदरा बाहेर उन्हात का वाळत घालत नाहीस, खोलीत कोंदट होतो. मामा, तोपर्यंत माझ्याकडे इतकं लक्ष कुणीही दिलं नव्हतं. मी तिला मॅडम म्हणतो. ती म्हणते, मॅडम म्हणू नकोस. मग मी काहीच म्हणत नाही.

इथे तुम्हाला द्राक्षांचं थोडं सांगावं लागेल, त्याशिवाय माझ्यावर काय बेतलंय ते ध्यानात येणार नाही. द्राक्ष हे एक फळ नाही, ते एक खानदान आहे, आणि प्रत्येकाला जागा वेगळी मानवते. शिराझ घ्या. जाड सालीचं, काळंभोर, ऊन जितकं तापेल तितकं खुलणारं. आमच्या तांबड्या मुरमाड उतारावर ते निवांत असतं. म्हणजे आपले धाकटे काका, कुठेही चटई टाका, घोरायला लागतात. कॅबर्ने सगळ्यात शेवटी पिकतं. त्याला मुळाशी दगडगोटे हवेत, पाणी साचलेलं खपत नाही, आणि तुमच्या गावासारख्या थंड जागी लावलं तर पिकता पिकत नाही, वाइनला कच्च्या ढोबळी मिरचीचा वास येतो. रीसलिंगला थंडी हवी, खडा चढ हवा, आणि आंबटपणा ते शेवटपर्यंत सोडत नाही. (आत्या. नाव घेत नाही, पत्र आई वाचू शकते.) मर्लोला गारवा धरणारी चिकणमाती दिली की ते कुणाच्या अध्यात नसतं. आणि मग आहे पिनो नुआर. पिनो म्हणजे खानदानातलं नाजूक माणूस. साल पातळ, घड गच्च, एक दाणा सडला की शेजारचे सगळे सडणार. दोन दिवस ऊन जास्त लागलं की सगळा सुगंध उडून जॅम होतो. थंडीत कोंब घाईने फुटतात आणि दहिवराने करपतात, तरी पाहिजे थंडीच. तिला मानवतं ते तुमचं गाव: सकाळी धुकं, पांढरी चुनखडीची माती, आणि पिकण्यासाठी कुणी घाई न करणं.

आता आमच्या या तापत्या मुलखात पिनो लावायची म्हणजे वेडेपणा. पण टेकडीच्या पाठीमागे आमचा तीन एकरांचा एक पट्टा आहे; दुपारचे दोन वाजले की टेकडीची सावली त्यावर पडते आणि ओढ्याकडून गार हवा वर येते. आठ वर्षांपूर्वी बाईंनी लहर आली म्हणून तिथे पिनो लावली आणि सगळ्यांनी त्यांना हसून घेतलं. (बाईंच्या तोंडावर नाही. तेवढी अक्कल सगळ्यांना होती.) चार वर्षं तिची वाइन रडकीच झाली. मग ती आली, म्हणजे आमची ती, आणि तिने तो पट्टा मांडीवर घेतला. कुठल्या ओळीची पानं काढायची, कुठल्या ओळीची ठेवायची, तोडणी पहाटे किती वाजता करायची, सगळं स्वतः. गेल्या हंगामातलं एक पिंप तिच्या मनासारखं झालं. त्या पिंपाजवळून जाताना ती हळू चालते, मी पाहिलंय.

एवढं सगळं बरं चाललेलं असताना तीन महिन्यांपूर्वी मफलर आला. त्याचं नाव मला माहीत आहे पण मी घेत नाही. तुमच्याच गावचा आहे, तुमच्या दुकानापासून चार घरांवर ज्यांची वेलींची रोपवाटिका आणि छोटी वायनरी आहे, त्यांच्याकडचा. वय तिशीचं. आमच्याकडे माणसं सावली बघून उभी राहतात अशा उन्हात हा गळ्याला मफलर गुंडाळून फिरतो. बोलणं हळू. दार उघडताना आधी टकटक करतो, आत कुणी नसलं तरी. इतका सभ्य माणूस मी आजवर पाहिलेला नाही, आणि म्हणूनच पहिल्या दिवसापासून माझ्या मनात पाल चुकचुकली. कलमाच्या काड्या ओल्या गोणपाटात बांधून तो महिन्यातून एकदा स्वतः घेऊन येतो. ट्रकवाल्याबरोबर पाठवता येत नाहीत का? दुसऱ्या खेपेला त्याने तिच्यासाठी बरणीभर माती आणली. तुमच्या डोंगरातली, पांढरी. मामा, मुलीला कुणी माती देतं? पण तिने ती टेबलावर ठेवली, आणि मधूनच झाकण काढून वास घेत बसते. मी दुसऱ्या दिवशी आमच्या उतारावरची तांबडी माती बादलीभर नेऊन दिली. तिने शांतपणे विचारलं, बादली कुठे ठेवायची?

तिसऱ्या खेपेला खरा डाव उघडा पडला. मफलरच्या वायनरीने तिला नोकरी देऊ केली. त्यांच्याकडे चाळीस एकर पिनो आहे. तिने बाईंना सांगितलं, बाईंनी कात्री बाजूला ठेवली (हे त्या फारच क्वचित करतात) आणि म्हणाल्या, असं करू, दोन्ही पिनो झाकून चाखू. आपली बरी निघाली तर मागचा पट्टा दुप्पट करते, तू इथेच राहा. त्यांची बरी निघाली तर मी वेली उपटून शिराझ लावते, तू खुशाल जा. ती बरं म्हणाली. मला कुणी विचारलं नाही, पण माझा सगळा जन्म त्या दोन बाटल्यांत जाऊन बसला.

मंगळवारी चार वाजता चाखणी होती. दोन्ही वाइन थेट पिंपातून काढलेल्या, सारख्याच हिरव्या बाटल्या, वर चिठ्ठी नाही, बुचंही एकाच खोक्यातली. काकांनी त्या दोन कागदी पिशव्यांत घातल्या, एक आणि दोन असे आकडे टाकले, 'एक आपली, दोन डोंगरातली' अशी चिठ्ठी लिहून बंद पाकिटात घालून बाईंकडे नेऊन दिली. मी पिशव्यांच्या तोंडाला दोन दोन घड्या घातल्या आणि ग्लास विसळायला गेलो. परत येतोय तर काय, मफलर त्या खोलीतून बाहेर पडतोय. हातात मफलर. म्हणे, खुर्चीवर विसरला होता. आता मला सांगा, जो माणूस भर उन्हात मफलर सोडत नाही तो नेमका त्याच खोलीत कसा विसरतो? मी धावत आत गेलो. एक नंबरच्या पिशवीला माझ्या दोन घड्या होत्या. आता तीन होत्या.

माझं डोकं सणकलं. याने बाटल्या बदलल्या! आमची वाइन दोन नंबरच्या पिशवीत घालून हा ती आपली म्हणून मिरवणार! वास घेऊन खात्री करावी तर नाक बंद. (वर्षातले एक्कावन्न आठवडे माझं नाक उघडं असतं आणि तेव्हा ते कुणालाही नको असतं.) बाईंना सांगावं असं मनात आलं, पण त्या म्हणाल्या असत्या, पुरावा काय, आणि या प्रश्नावर मी एकदा कॉलेज घालवून बसलोय. म्हणून जे योग्य वाटलं ते केलं. बाटल्या पुन्हा बदलल्या. एकमधली दोनमध्ये, दोनमधली एकमध्ये. दहा सेकंदांचं काम. घड्याळ बघितलं, तीन वाजून वीस मिनिटं. मला वाटलं, न्याय झाला.

चाखणीला टेबलाभोवती चौघं होती, बाई, काका, ती आणि मफलर. मी ओतायला. सगळ्यांनी एक नंबर घेतला, माना हलवल्या, बरी आहे म्हणाले. मग दोन नंबर. काकांनी दुसरा घोट घेतला, आणि काका दुसरा घोट कधीच घेत नाहीत. बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. मफलरने डोळे मिटले आणि म्हणाला, यात धुकं आहे. (धुकं! वाइनमध्ये!) म्हणाला, हे आमच्या मातीशिवाय होत नाही. आणि तिने ग्लासात नाक घातलं ते वर काढलंच नाही बराच वेळ, आणि काढलं तेव्हा ती हसत होती. चौघांनीही कागदावर दोनच लिहिलं, एक आपली हे ठाऊक असलेल्या काकांनीसुद्धा. बाईंनी पाकीट फोडलं. दोन, डोंगरातली. मफलरने बाईंना मान लववली. तिच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, उचलायला विसरल्यासारखं, आणि ती एवढंच म्हणाली, नक्की? बाई म्हणाल्या, काकांचं अक्षर आहे. शनिवारी सकाळी माणसं बोलावते उपटायला. मला मात्र त्या हसण्याचा राग आला. डोंगरातली जिंकली म्हणून हिला एवढा आनंद! तळघरात जाऊन पिंपाला लाथ मारली ती तेव्हाच.

बुधवारी सकाळी ग्लास पुसताना माझ्या हातातला ग्लास निसटला, कारण डोक्यात एकदम उजेड पडला. मफलरने बाटल्या बदलल्या असतील, तर मी त्या परत जागेवर आणल्या, आणि डोंगरातली खरोखरच जिंकली. पण मफलरने काहीच केलं नसेल, तर? तर बदलल्या त्या मी एकट्यानेच, आणि चौघांनी डोळे मिटून जिला वाखाणलं ती आमची, टेकडीमागची! धुकं आमच्या पट्ट्यातलं! म्हणजे पट्टा वाचतो, ती राहते. फक्त त्यासाठी एक गोष्ट सिद्ध व्हायला हवी, की मफलर प्रामाणिक आहे. तीन महिने मी ज्याच्या लबाडीचा पुरावा शोधत हिंडलो, तो माणूस स्वच्छ निघावा म्हणून आता मी देव पाण्यात घालून बसलोय. माझ्या शत्रूवरही अशी वेळ येऊ नये, असं म्हणणार होतो, पण शत्रू तोच आहे.

मी कसून तपास केला. तुमचं घड्याळ त्याच्या वाटेतल्या बाकावर मुद्दाम सोडलं. पाच मिनिटांत परत आणून दिलं, वर घड्याळाला किल्ली देऊन. दुपारच्या चहाच्या सुट्टीत काकांना पत्ते खेळायला बसवलं, तर काकांनी चुकून त्याला एक पान जास्त वाटलं आणि त्याने ते परत दिलं, आणि त्या डावात हरला. काका मला म्हणाले, लेका, सोन्यासारखा माणूस आहे. मी म्हटलं, पितळही पिवळंच असतं. शेवटी आज गुरुवारी सकाळी सरळ विचारलं, मंगळवारी पिशव्यांना हात लावला होता का? तो म्हणाला, हो, एका पिशवीचं तोंड जरा सुटलं होतं, डोळ्यांना खुपलं म्हणून एक घडी घातली. भिंतीवरची वाकडी चौकट दिसली तरी त्याचा हात जातो म्हणे. इतकं सरळ उत्तर! पण आपण खरं बोलतोय असं तोच सांगतोय, त्याला काय अर्थ? आणि हे सगळं बाईंना सांगायचं म्हणजे आधी मला सांगावं लागणार की बाटल्यांना हात मी लावला. तेवढ्यावरच माझी इथून उचलबांगडी होईल. ती झाली तरी हरकत नाही, पण उपयोग तर व्हायला हवा.

मामींना नमस्कार. डोळ्यात औषध वेळेवर घालत जा. तुमचा, आणि सध्या दुसऱ्या कुणाचाच नसलेला, भाचा.

ता. क. आता कारण. मफलरची चौकशी करा. तुमच्या दुकानावरून तो रोज जातो. घड्याळ दुरुस्तीला टाकतो का? टाकताना, हातातून पडलं, असं कबूल करतो, की आपोआप बंद पडलं म्हणतो? तुम्हीच मला सांगितलं होतं की माणूस तिथे ओळखू येतो. आणि लक्षात ठेवा, मला तो चांगला निघालेला हवाय. (मामींना मात्र हे सांगू नका, त्या लगेच त्याला जेवायला बोलावतील.) फोनवर विचारलं असतं, पण तुम्ही फोनवर नुसतं हं म्हणता आणि ऑफिसातला फोन बाईंच्या कोपराजवळ आहे. टपाल शनिवारच्या आत पोचणार नाही. (तो चांगला निघाला तर ऑफिसात फोन करून एकदा हं म्हणा, तेवढं पुरे.) आज पाच वाजता एकच गाडी तुमच्या गावाला निघतेय, आणि ती मफलरची आहे. म्हणून हे पत्र त्याच्याच हाती देतोय. पाकिटावर बाटल्यांच्या तोंडाला लावतात ती लाख जाड ओतली आहे. लाख फुटलेली दिसली तर चौकशी करू नका, उत्तर तिथेच मिळालं.

ता. क. दुसरा. लाख मीच फोडली. त्याला दोष देऊ नका. पावणेतीन वाजलेत आणि काकांनी अशी बातमी आणली की मी त्यांना मिठी मारली. ती जाणार नाही! सकाळीच तिने बाईंना सांगितलं की डोंगरातली नोकरी नको, इथेच राहते. का, तर काका म्हणाले, ती शपथेवर सांगायला तयार होती की दोन नंबरमध्ये तिचंच पिंप आहे. तिने तसं बाईंना चाखणीनंतर बोलूनही दाखवलं, पण बाई म्हणाल्या, स्वतःच्या हातचं असलं की प्रत्येकाला तसंच वाटतं. आता ती म्हणते, मला माझंच पिंप ओळखता येत नाही, तर तिथे जाऊन काय करू? म्हणजे मामा, साक्ष मिळाली! तिच्या नाकाने दिली! मफलरने बाटल्यांना बोट लावलेलं नाही. तो प्रामाणिक आहे. (हे लिहिताना पेन दोनदा खाली ठेवलं.) पण आता त्याच्या प्रामाणिकपणाची गरजच कुठे उरली? ती राहतेय! उपटेनात का वेली, शिराझही वाईट नसतं. चौकशी रद्द. मी गप्प राहणार. खोटं बोलणार नाही, नुसतं बोलणार नाही, आणि न बोलणं हा गुन्हा असता तर तुम्ही जन्मभर आत असता. लाख पुन्हा लावतोय.

ता. क. तिसरा. पुन्हा फोडली. आनंद दाखवायला म्हणून प्रयोगशाळेत गेलो होतो. ती टेबलाशी बसली होती, डोळ्यांवर ॲप्रनची पट्टी बांधून. पुढे आठ वाट्या. एकीत लवंग, एकीत कॉफी, एकीत साबणाचा तुकडा, एकीत पेन्सिलची साल, असं काय काय. एक वाटी उचलायची, वास घ्यायचा, काय ते म्हणायचं, मग पट्टी सरकवून बघायचं. मी दारात असताना तिने सहा वाट्या ओळखल्या. सहाच्या सहा बरोबर! तरी तोंड उतरलेलंच. मला म्हणाली, लवंग आहे हे मला कळलं, की वाट्या मीच भरल्या म्हणून आठवलं? तूच सांग, यात काय आहे? माझं नाक चोंदलेलं. मी म्हटलं, मला काहीच येत नाही. ती म्हणाली, मग आपण दोघं सारखेच. आणि उद्यापासून बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवायच्या खोलीत तिने काम मागून घेतलंय. तिथे नाक लागत नाही.

आपण दोघं सारखेच! मामा, हे वाक्य ऐकण्यासाठी मी एक वर्ष तिच्या मागेपुढे ग्लास विसळलेत. आणि आज ते ऐकून मला तिथून पळून जावंसं वाटलं. संशय घेणं हे माझं काम आहे. मी सरांवर घेतला, पुतण्यावर घेतला, मफलरवर घेतला, तुमच्या कानांवर घेतला. मला त्याची सवय आहे, मला तो मानवतो. तिला नाही मानवत. तिला आयुष्यात कधी स्वतःच्या नाकाची शंका आली नव्हती, आणि आता मी दहा सेकंदांत तिच्या नाकात जी रोवून ठेवली आहे ती कुणी शनिवारी उपटून काढणार नाही.

ता. क. शेवटचा. सव्वाचार. हे उभ्यानेच लिहितोय. बाई ऑफिसात कात्रीला तेल देतायत, तिला काकांनी माझ्या सांगण्यावरून निरोप देऊन तिथेच बोलावलंय. दोघींना एकदम सांगतो, दुसऱ्यांदा सांगायचा धीर राहणार नाही. पट्टा बहुतेक वाचेल. मी बहुतेक वाचणार नाही. आणि स्वतःच्या नाकाची खात्री पटली की ती डोंगरात जाईल, हे मला उत्तर आधी लिहून ठेवल्यासारखं स्पष्ट दिसतंय. बाईंचं ठरलेलं काही असो, चाळीस एकर पिनो कोण सोडेल? तेव्हा मामा, खरी विनंती ही, वरच्या सगळ्या विसरा: तुमच्या वरच्या मजल्यावरची खोली तिला द्या. भाड्याचं मामी ठरवतील. मुलगी शांत आहे, कॉफी करपली तर जिन्यावरूनच सांगेल, तेवढं मनाला लावून घेऊ नका. फक्त रस्त्याकडची खोली देऊ नका, तिथून ती रोपवाटिका दिसते. मागची द्या. मागच्या खोलीत ऊन येत नाही असं ती म्हणाली, तर मात्र पुढची द्या. मफलर दार वाजवूनच आत येईल, तेवढं मी त्याच्याबद्दल लिहून द्यायला तयार आहे. त्याची चौकशी करू नका. केलीत तर मला कळवू नका. कळवलंत तर सगळं कळवा.

पाकिटाला आता लाख लावत नाही. एक थेंब लावतो. एकच.

काका हाका मारतायत. माझ्या या खोलीचं दार बाहेरून ओढल्याशिवाय बसत नाही. ओढलं. ही ओळ त्याच बंद दारावर कागद टेकवून लिहितोय, अक्षर वाकडं आलं त्याचं कारण तेवढंच.